मले धुरी सोसत नव्हती

माही पोरगी महिन्याचीही नव्हती तेव्हा तिले माह्यापासून काढून खाप्याले न्यायचं ठरलं होतं. ठरवलं सासूनं. माही मोठी जाऊ सासूच्या गावी, खाप्याले राहे, तिचं पोट्टं अंगावर पीत होतं अन् तिले दूध मोप होतं, तर ती दोघायले पाजीन, इकडं मी बरी होईन, मंग पोरगी परत आणू, असं तिचं म्हणणं. वाईट मनानं नव्हती म्हणत. पोरगी वाळून चालली होती, ते मलेही दिसत होतं. पण मले मनात पक्कं वाटे की एकदा गेली की ती माही नाही राहणार, जावेलेच माय म्हणन, म्हणून मी तिले पदरानं पोटाशी बांधून ठेवत होती, भाकर खातानाही, भांडे घासतानाही, अन् ते पाहून सासू अजूनच भ्याली.

बाहेरचं लागलं म्हणे मले.

आम्ही नागपूरबाहेर वाडीले राहत होतो, अमरावती रोडवर. ट्रान्सपोर्टवाल्यायचे गोडाऊन होते, त्यायच्या मागं खोल्यायची लाइन, वर कवेलूचं छप्पर, एक दार अन् एक हातभर खिडकी. आमचे हे ट्रकवर डायव्हर. आज अकोला, उद्या रायपूर, घरी कमीच. दिवसभर ट्रक लागत, निघत, मागं घेताना किलिनर पत्र्यावर थाप मारे अन् आन दे, आन दे म्हणून ओरडे. पहिले मले त्या आवाजाचं काही वाटत नव्हतं, उलट करमे. लग्न होऊन आली तेव्हा मी त्याच आवाजात दुपारची गाढ झोपत होती.

मंग मले आठवा महिना चालू असताना गोडाऊनले आग लागली. दिवसाढवळ्या. बारदान्याले लागली. संध्याकाळपर्यंत विझली, कोणी मेलं नाही, कोणी भाजलं नाही, आमची खोलीही जळली नाही, भिंत तेवढी काळी झाली अन् थोडे कवेलू फुटले. सगळे एकमेकाले हेच सांगत होते, काही झालं नाही, वाचलो. मीही तेच सांगे. हे गावाहून परत आले तेव्हा मी यायले चहा करून देला अन् म्हटलं काही झालं नाही, शेठचा बारदाना जळला. यायनं भिंत पाहिली, कवेलू बदलून घेतले, अन् झालं, गोष्ट संपली.

पोरगी झाली ती चांगली धडधाकट झाली. माही माय मी लहान होती तेव्हाच गेली, म्हणून माहेरचं बाळंतपण नाही, सासूच आली खाप्याहून. येताना ओवा, शेपा, वावडिंग, डिंक, अन् एक पोतं भरून गोवऱ्या. मी म्हटलं आत्याबाई, गोवऱ्या तर वाडीलेही भेटतात. तर म्हणे, तुमच्या वाडीच्या गोवरीले डिझेलचा वास येते, इथली गायही रोडवरचं खाते.

आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिना बाजेवर राहते. बाजेखाली शेगडी ठेवायची, तिच्यात गोवरीचा इस्तो, त्या लाल इस्त्यावर ओवा अन् शेपा टाकायचा, वरून घोंगडं सोडायचं. दार लावून घ्यायचं, खिडकीत चिंधी कोंबायची, म्हणजे धूर बाहेर जायले नाही पाहिजे, बाळंतिणीच्या अंगात जायले पाहिजे. त्यानं कंबर आवळते, दूध उतरते, लेकराले सर्दी होत नाही. सासूनं आपल्या लेकीचं, मोठ्या सुनेचं, गावातल्याही कितीक बायायचं असंच केलं होतं, तिच्या हाताले जस होतं, लोक बोलावून नेत तिले.

पहिल्या दिवशी तिनं शेगडी सरकवली, दाराची कडी लावली, खिडकीत चिंधी कोंबली. ओवा तडतडला. धूर घोंगड्यातून वर आला अन् मले दम भरून आला, असा की श्वास अर्ध्यातच अडकला, खालीही जाईना अन् वरही येईना, हात थंडे पडले, कानात शिटी वाजायले लागली, सासू समोर बसून काहीतरी बोलून राहिली होती पण मले तिचं तोंड हालताना दिसे, आवाज नाही. पुढं काय झालं ते मले माहीत नाही. मी उन्हात उभी होती, एका ट्रकच्या चाकाजवळ, डोक्यावर पदर नाही, पोरगी छातीशी गच्च धरलेली अन् ती रडून रडून निळी. मागून सासू येत होती, ती काय वं, काय वं म्हणून राहिली होती, अन् हमाल लोक काम सोडून पाहत होते.

तिले वाटलं घेरी आली, अशक्तपणा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुरी देली. पुन्हा तेच. मंग तर नुसती ती शेगडीत गोवरी फोडायले बसली तरी मले सुरू होई. मंग ओव्याचा वास आला तरी. मंग ट्रकचा हॉर्न वाजला तरी मी ताडकन उठून उभी. दार मी लावू देत नव्हती, झोपायची ती उंबऱ्यापाशीच, पाठ चौकटीले लावून. नळावर जायचं तर गोडाऊनच्या समोरून जाणं जवळ, पण मी बाळंतीण बाई मागून शेतातून फिरून जाये. काहून ते मलेही सांगता येत नव्हतं. जेवण मातीसारखं लागे. यायनं एकदा मागून येऊन खांद्यावर हात ठेवला तर मी हातातला गिलास फेकून मारला यायले, अन् मंग रडत बसली. अन् सगळ्यात वाईट म्हणजे पोरगी रडे तेव्हा कधी मी एकदम धावत जाये, अन् कधी नुसती पाहत राहे, जशी ती दुसऱ्याच कोणाची आहे.

सासूनं याचा आपला हिशोब लावला. धुरीले माणूस भेते का, म्हणे. धुरीले भेते ते माणूस नसते. धूर लागला की आतलं जे आहे ते तळमळते, पळते, म्हणूनच ही अशी करते. मंग तिनं धुरी वाढवली. ओव्यासोबत लाल मिरची, मंग मीठ, मोहरी. मी जितकी पळे तितकं तिचं पक्कं होत जाये, अन् तिचं जितकं पक्कं होये तितका इस्तो वाढे. एका भगतालेही बोलावलं, त्यानं लिंबू उतरवलं अन् तोही शेवटी धुरीच देऊन गेला. मी हात जोडून म्हणे नको, आत्याबाई, नको, अन् तिले वाटे हे मी नाही म्हणून राहिली, ते आतलं म्हणून राहिलं.

हे आम्हा दोघींच्या मधात सापडले. मायले काही म्हणवत नव्हतं अन् माह्याकडं पाहवत नव्हतं. ट्रक घेऊन निघून जात.

दूध कमी होत गेलं. पोरीच्या मांड्यायची कातडी सैल पडली, टाळू खोल गेली. तेव्हा हे घरी होते, यायनं पहिल्यांदा मायसमोर आवाज काढला, म्हणे पहिले दवाखाना, मंग खापा. सासू म्हणे ठीक आहे गा, दाखव दवाखाना, तिथं काय करतात तेही पाहून घेऊ, पण तिथून सुट्टी झाली की पोरगी मी घेऊन जाईन. हे हो म्हणाले. माह्यासमोरच हो म्हणाले. बसनं नागपुरात सदरले उतरलो, तिथून पोरीले घेऊन पायी दवाखान्यात. लहान लेकरायच्या वार्डात तिले भरती केलं, अन् पाजायसाठी मले तिच्यासोबत ठेवलं.

डॉक्टरीणबाईनं माहीही छाती तपासली, कारण मी दोन शब्द बोलली की धापा टाके. दमा आहे का घरी कोणाले, इचारलं. सासू म्हणे नाही. तरी दम्याची सुई लिहून देली.

वार्डात एक सिस्टर होती, चाळिशीची, नागपूरचीच, बोलणं आपल्यासारखंच, पांढरी साडी कडक अन् तोंड त्याहून कडक. पहिल्याच दिवशी मले रागावली. वार्डाले दोन्हीकडून मोठे दारं, दिवसभर उघडेच, अन् मी खाट सोडून दारातच चटई टाकून बसली पोरीले घेऊन. ती म्हणे इथून ट्रॉली जाते, ती काय तुह्या पोटावरून नेऊ? मी उठली. ती गेली की पुन्हा तिथंच येऊन बसली. असं झालं एकदोनदा. मंग तिनं आमची खाटच दाराजवळची करून देली, तिथल्या बाईले आत हालवलं, अन् माह्याकडं जरा पाहून गेली. तेव्हा मले वाटलं कटकट मिटवली तिनं. पण ती तेव्हापासूनच मले पाहून राहिली होती.

वार्डात धुरी नव्हती, कडी नव्हती. दूध यायले लागलं. पोरगी चोखताना आवाज करायले लागली. सिस्टर वजन करे अन् काट्याकडं पाहून हूं म्हणे, एवढंच. सासू रोज डबा घेऊन येये वाडीहून, बाजूले बसे, पोरीचे गाल पाही अन् म्हणे, पाहा, त्या खोलीतून निघाली तर सुधरली, त्या खोलीतच काही आहे. आता खाप्याले तर अजून सुधरन.

एका दुपारी पोरगी पिऊन झोपली होती. खिडकीच्या खाली झाडूवाल्यानं वाळलेला पाला गोळा करून पेटवला. रोजच पेटवत असन, त्या दिवशी वारा वार्डाकडं होता. मले धूर नाही दिसला, वास आला. पुढचं मले सिस्टरनं सांगितलं म्हणून माहीत. मी पोरीले उचललं अन् खाटेखाली शिरली, भिंतीले टेकून बसली, अन् एका हातानं भिंत चाचपत राहिली, खालून वर, वरून खाली, जिथं ना दार ना काही, नुसता चुना. बाया ओरडल्या. एक म्हणे फिट आली, चप्पल हुंगवा. एकजण पोरीले ओढून घ्यायले आली तर सिस्टरनं तिले हातानंच थांबवलं. खिडकी लावायले सांगितली, अन् दार नाही, दार उघडंच ठेवायले सांगितलं. मंग तशीच, त्या कडक साडीत, खाली फरशीवर बसली. जवळ नाही आली. मले हात नाही लावला.

तिचा आवाज मले नळीतून आल्यासारखा आला.

"हा दवाखाना आहे. मी सिस्टर. तुही पोरगी तुह्याच मांडीवर आहे, कोणी नाही नेत तिले. दार तिकडं आहे, उघडं आहे. पाय खाली टेकव बरं. फरशी कशी लागते, थंडी का गरम?"

तिनं घाई नाही केली, पुन्हा तेच सगळं, त्याच आवाजात.

"थंडी," मी म्हटलं.

"माह्या साडीचा काठ कोणता?"

"निळा."

"हां. आता श्वास सोड पहिले. घेऊ नको, सोड. घ्यायचा तो आपोआप घेते माणूस."

ते खरं होतं. मी घेत घेतच चालली होती इतके दिवस, सोडतच नव्हती. सोडला तर पुढचा आपोआप आला. पोरगी तोवर जागी झाली होती अन् माह्याकडं टुकूटुकू पाहत होती, रडली नव्हती. सिस्टरनं बाकी बायायले पांगवलं, म्हणे काही तमाशा नाही इथं, आपापले पोट्टे पाहा. मंग हळूच इचारलं.

"भिंतीवर काय शोधून राहिली होती वं?"

"कडी," मी म्हटलं. अन् माह्या तोंडातून तो शब्द निघाला तेव्हाच मले कळलं की मी काय शोधून राहिली होती.

मंग मी तिले सांगितलं, तिथंच खाटेखाली बसून, कोणाले नव्हतं सांगितलं ते. आग लागली त्या दुपारी मी दार लावून झोपली होती. जाग आली तर अंधार, कवेलूच्या फटीतून धूर आत उतरलेला, डोळे उघडत नाहीत. उठली, पोट एवढं मोठं, भिंतीले धरून धरून कडी शोधायले लागली. माहंच घर, रोज उघडते तेच दार, अन् कडी सापडेना. बाहेर सगळे आपापले ट्रक काढून राहिले होते, सगळ्यायचे हॉर्न एकदम चालू, मी ओरडली पण माहा आवाज मलेच नाही आला. पोट दगडासारखं झालं, आतलं हालणं बंद झालं. मले वाटलं ते मेलं, आता मी. मंग वरून कोणी पाणी मारायसाठी कवेलू फोडले अन् उजेडाचा एक पट्टा पडला, तर मी उलट्याच भिंतीशी उभी होती. दार पाठीमागं. मी जाऊन कडी काढली अन् बाहेर आली, आपल्या पायानं. कोणी मले काढलं नाही. म्हणून कोणाले माहीतच नाही की मी आत होती. पोटातलं संध्याकाळी हाललं. तोपर्यंत मी नळावर बसून होती.

सिस्टर सगळं ऐकून घेऊन म्हणे, "अन् सासू धुरी देते. दार लावून?"

"हो."

तिनं आपलं सांगितलं. लढाईच्या वेळी तिची ड्यूटी जखमी फौजींवर होती. टाके सुकले, पाय बरा झाला, असे जवान, हातातून ताट पडल्याचा आवाज आला की खाटेखाली. कोणी दाराकडं पाठ करून बसत नव्हता. कोणी घरून बायको भेटायले आली तर तिच्याकडं अनोळख्यासारखं पाहे. पहिले त्या सिस्टरलोक चिडत, म्हणत एवढे मोठे अन् असे करतात. मंग तिथल्या एका मोठ्या डॉक्टरनं त्यायले समजावलं की हे नाटक नाही अन् येडेपणही नाही, जीवावरचं होऊन गेलं तरी अंग ते मानत नाही कधी कधी, थोडंसं तसं दिसलं, वास आला, आवाज आला की ते समजते पुन्हा तेच सुरू झालं. रागावू नका, ओढू नका, कुठं आहे ते सांगत राहा, अन् जे लागलं की असं होते ते दूर ठेवा तोवर तरी.

"तुले पहिल्या दिवशी दारात बसलेली पाहिलं तेव्हा मले ते पोरं आठवले होते," ती म्हणे. "पण मले वाटलं बाईले कुठली आली लढाई. इचारायले पाहिजे होतं मी."

"मंग मले बाहेरचं नाही लागलं?"

"नाही वं बाई."

मले इतका वेळ रडू नव्हतं आलं, तेव्हा आलं.

संध्याकाळच्या राउंडले तिनं डॉक्टरीणबाईच्या कानावर घातलं. बाईनं माह्याजवळ बसून सगळं पुन्हा इचारलं, दम्याची सुई बंद केली, एक बारीक गोळी देली जी दुधाले चालते, अन् म्हणाली सिस्टरनं बरोबर ओळखलं. मले वाटलं आता पोरगी नाही जात. पण दुसऱ्या दिवशी सासू डबा घेऊन आली अन् सिस्टरनं तिले तिथंच उभ्या उभ्या सांगितलं, की तुमच्या धुरीनं हिचं हे झालं, घरी धुरी बंद करा.

सासूचं तोंड असं उतरलं की मलेच कसंतरी झालं. ती म्हणे, "नर्सबाई, माह्या हाताखाली अर्धं गाव बाळंत झालं. एक बाई नाही दगावली. अन् मी माह्याच सुनेले बिमार केलं काय?"

डबा ठेवला अन् निघून गेली. यायच्या हातानं निरोप आला की सुट्टी झाली की पोरगी खाप्याले जाते, पक्कं, ज्या घरात माह्या हाताले नावं ठेवली तिथं मी माही नात ठेवत नाही. हे मान खाली घालून निरोप सांगत होते. मी म्हटलं तुमी काय म्हटलं? हे म्हणे, मी काय म्हणू, माय आहे.

मी ते सिस्टरले सांगितलं. ती आपल्या कपाळावर हात मारून म्हणे, मी फौजींले वीस वेळा सांगायची सवय असलेली, तुह्या सासूले एकदाच दणका देला, चुकलंच माहं.

सुट्टीच्या दिवशी सासू आली. पोरीचं झबलं, टोपडं, सगळं वेगळ्या गाठोड्यात बांधूनच आणलं होतं. सिस्टरनं तिले खुर्ची देली. सासू बसली नाही. सिस्टरही उभीच राहिली मंग. म्हणे, आई, मी तुमाले जे म्हटलं ते तसं नव्हतं म्हणायले पाहिजे. तुमची धुरी चांगल्या मनाची होती. पण हिले काय झालं ते तुमाले कोणी सांगितलंच नाही, तर तुमाले कसं कळन. आता हिच्याच तोंडून ऐका. अन् मले म्हणे, सांग वं, मी इथंच आहे, दार उघडं आहे.

सासूसमोर सांगणं सिस्टरले सांगण्यासारखं नव्हतं. दम लागला, मधात थांबली, पुन्हा सांगितलं. उलट्या भिंतीचं सांगितलं, पोटातलं हालणं बंद झाल्याचं सांगितलं. ते ऐकताना सासू हळूच त्या खुर्चीवर बसली.

"मले काहून नाही सांगितलं वं?" ती म्हणे.

"सगळे म्हणत होते, काही झालं नाही."

ती पोरीकडं पाहत राहिली. मंग सिस्टरले म्हणे, "धूर नको. बरं. पण शेक तर चालते ना? शेक नाही भेटला तर बाईची कंबर जाते, मंग जन्मभर मलेच बोलन ही."

सिस्टर म्हणे शेक चालते, आग दिसली नाही पाहिजे अन् दार बंद नाही पाहिजे, एवढंच. तिनं रबराची गरम पाण्याची पिशवी दाखवली. सासूनं ती हातात घेऊन उलटीपालटी केली, हुंगली, अन् म्हणे हे तर सायकलचं ट्यूब आहे. त्यापेक्षा ओवा बाहेर तव्यावर भाजून फडक्यात पुरचुंडी बांधतो, तिनं शेकतो. सिस्टर म्हणे ओव्याचा वास हिले अजून सोसणार नाही. मंग सासूनंच डोकं लावलं, म्हणे मीठ भाजतो. मिठाले कुठला आला वास.

पण पोरीचं गाठोडं तिनं सोडलं नाही. म्हणे आता वाडीलेच येतो, काही दिवस पाहतो. दूध टिकलं तर ठीक, नाही तर मी कोणाचं ऐकणार नाही. सिस्टरनं तिलेच शिकवलं मले दम भरला की काय म्हणायचं ते, दोनदा म्हणून घेतलं तिच्याकडून, अन् म्हणे हे तुमीच करू शकता, घरी मी थोडीच येते.

वाडीले सासू चूल बाहेर वाऱ्याच्या खालच्या अंगाले मांडायले लागली, खोलीपासून दूर, विटा लावून. यायनं दाराची कडीच काढून टाकली. सासू म्हणे चोर आला म्हणजे? हे म्हणे आला तर त्यालेच बसवू दारात, राखण होईन. मी पहिल्यांदा हसली त्या दिवशी, अन् हसताना भ्याली, की हे हसणं कोणी पाहिलं तर म्हणन बरी झाली अन् मंग काही झालं तर.

अन् झालंच. तिसऱ्या प्रहरी पोरीले पाजत होती अन् मागं एका ट्रकचं टायर फुटलं. मी पोरीसकट कोपऱ्यात. हात भिंतीवर. मले दिसत होतं की सासू गाठोड्याकडं पाहून राहिली आहे, ते खुंटीले टांगलेलं होतं. मले वाटलं आता घेते, आता हिसकते. ती उठली, अन् माह्यासमोर दोन हात अंतर सोडून खाली बसली, मांडी घालून, जशी सिस्टर बसली होती तशीच.

"हे घर आहे," ती म्हणे. "मी तुही सासू. पोरगी तुह्याजवळ आहे, मी नाही नेत. टायर फुटलं, त्या डायव्हरचं नशीब फुटलं, तुहं नाही. पाय टेकव. कशी लागते जमीन?"

"सारवलेली," मी म्हटलं.

"मीच सारवली सकाळी. ओली आहे का?"

"थोडी."

"सोड श्वास. अजून सोड. सासू पुढं बसली असताना दुसरं कोण येईन तुह्या वाटेले."

पोरीनं तोंडातलं सोडलं नव्हतं. पीतच होती. सासूनं ते वाकून पाहिलं, अन् उठून बाहेर चुलीकडं गेली.

त्यानंतरही मले किती वेळा झालं. आताही होते, कमी झालं पण होते. पोरगी आता बालवाडीत जाते, शेजारी कोणी कचरा पेटवला की मी खोलीतून निघून रोडवर जाऊन उभी राहतो, अन् परत येतो. सिस्टरकडं मी बरेच दिवस जात होती, पोरीचं वजन करायच्या निमित्तानं. तिच्याजवळ बसून बोलली की बरं वाटे. ती सांगे की पूर्ण जाईन का ते मी नाही सांगत, पण तुले आता ते ओळखता येते. तेवढं खरं आहे. ओळखता येते.

सासू त्याच वर्षी कापूस वेचायच्या वेळेले खाप्याले निघाली. मी पोरीले घेऊन तिले बसपर्यंत सोडायले रोडवर गेली, गोडाऊनच्या समोरूनच गेली कारण तिच्यासोबत मागून फिरून जायले लाज वाटली. रोडवर तिनं पोरीले माह्याकडून मागून घेतलं, अन् घेऊन बसली झाडाखाली. ते गाठोडं तिच्या खांद्यावरच होतं. मनात म्हटलं इचारायचं नाही, ती स्वतः काय करते ते पाहायचं, अन् उभी राहून श्वास सोडत राहिली. ट्रक जात होते, हॉर्न वाजत होते.

बस आली. सासूनं खांद्यावरचं गाठोडं काढून पहिले ते माह्या हातात देलं, मंग पोरीले.

"धर," म्हणे. "टोपडं घालत जा, वारा लागते इकडं. अन् दूध कमी पडलं तर मले चिठ्ठी टाक, मीच येतो, हिले नको पाठवू."

ती चढली. कंडक्टरशी जागेवरून भांडताना खिडकीतून दिसली, मंग बस निघून गेली. पोरगी भुकेनं कुरकुरायले लागली होती. मी तिथंच झाडाखाली, सासू बसली होती त्या जागेवर बसली, पदर घेतला अन् तिले पाजायले लागली.